अकरावी-बारावीत अभ्यास आणि मैदान दोन्ही सांभाळताना: सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षभराची आखणी

कॉलेज सुरू झालं की बहुतेक मुलं दिवसाचं वेळापत्रक करायला बसतात. पाच ते सहा धावणं, सहा ते आठ अभ्यास, असं रंगीत पेनांनी आखून भिंतीला चिकटवतात. पंधरा दिवसांत ते मोडतं. मग घरात फर्मान निघतं, की बारावी होईपर्यंत खेळ बंद. यात मुलाच्या शिस्तीचा दोष फारसा नसतो. अभ्यास आणि खेळ, किंवा अभ्यास आणि नाटक, लेझीम, एनसीसी, यांची खरी टक्कर वर्षातल्या सात-आठ ठरावीक आठवड्यांत होते. बाकीच्या दिवसांत दोन्ही गोष्टी नीट मावतात. ते सात-आठ आठवडे कोणते हे सुरुवातीलाच कळलं, तर त्यांची तजवीज करता येते. म्हणून आधी वर्ष आखायचं, मग आठवडा, आणि दिवस सगळ्यात शेवटी.

आधी वर्षाचा कागद

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि दोन रंगांची पेनं. लाल पेनानं परीक्षा लिहा. बारावीची लेखी परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. प्रात्यक्षिकं त्याआधी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून. पूर्वपरीक्षा बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत होते. जेईई मेन देणार असाल तर तिचं पहिलं सत्र जानेवारीत आणि दुसरं एप्रिलमध्ये येतं. एमएचटी-सीईटी एप्रिल-मेमध्ये, नीट मेच्या सुरुवातीला. घटक चाचण्या आणि सत्र परीक्षेच्या तारखा कॉलेजच्या फलकावरून उतरवून घ्या. लागल्या नसतील तर वर्गशिक्षकांना अंदाजे आठवडा तरी विचारा.

निळ्या पेनानं बाकी सगळं. शालेय क्रीडा स्पर्धांत अकरावी-बारावीची मुलं १९ वर्षांखालील गटात खेळतात. शहरातली मुलं महापालिका स्तरावर, बाहेरची तालुका आणि जिल्हा स्तरावर, आणि जिंकणारे पुढे पुणे विभागात पुणे-अहिल्यानगरच्या संघांशी भिडतात. त्यानंतर राज्य. या स्पर्धा साधारण पावसाळ्यात सुरू होतात आणि जिंकत गेलात तर नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत ओढत नेतात. एनसीसीचं वार्षिक शिबिर दहा दिवसांचं, एनएसएसचं सात दिवसांचं. मंडळाच्या लेझीमचा सराव गणेशोत्सवाच्या महिनाभर आधीपासून रात्री चालतो. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग. आणि १९ फेब्रुवारीला शिवजयंती.

आता कागदाकडे लांबून बघा. लाल आणि निळं जिथे एकमेकांवर येतं, तिथे पेन्सिलीनं चौकोन करा. विज्ञान शाखेच्या बहुतेक मुलांच्या कागदावर तीन मोठे चौकोन निघतात: गणेशोत्सवाच्या आधीचे तीन आठवडे, गॅदरिंग-पूर्वपरीक्षा-जर्नल एकत्र येतात तो डिसेंबर-जानेवारी, आणि शिवजयंतीचा आठवडा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या पोरांना दरवर्षी हा पेच पडतो, कारण ती तारीख बारावीच्या पेपरांमध्येच येते. बारावीच्या वर्षी मंडळाला ऑगस्टमध्येच सांगून ठेवावं, की गणपतीला मी ओळीत आहे, शिवजयंतीला नाही. आधी सांगितलेलं मंडळ समजून घेतं. आयत्या वेळी गैरहजर राहिलात तर ओळ मोडते आणि मनं दुखावतात.

गॅदरिंगबद्दल सरळ सांगायचं तर, एकांकिकेतली मोठी भूमिका किंवा नृत्याचं नेतृत्व अकरावीत घ्या आणि मनापासून करा. बारावीत निवेदन, नेपथ्य, प्रकाशयोजना असं काम घ्या, ज्याला शेवटचे चार-पाच दिवस पुरतात.

आठवड्याचा हिशोब कागदावर मांडा

आठवड्यात १६८ तास. त्यातले ५६ झोपेचे, रोज आठ धरून. कॉलेज साडेपाच तास, सहा दिवस, म्हणजे ३३. क्लास रोज दोन तास धरला तर १२. जाणं-येणं रोज दीड तास, म्हणजे ९. जेवण, आंघोळ, घरकाम रोज तीन तास, म्हणजे २१. बेरीज १३१. उरले ३७.

या ३७ पैकी २४ तास स्वतःच्या अभ्यासाला, ८ तास मुख्य उपक्रमाला आणि ५ तास मोकळे ठेवा. ते पाच तास भरायचे नाहीत. आजारपण, पाहुणे, लग्न, अचानक लागलेली चाचणी, हे सगळं त्याच पाच तासांतून जातं. वेळापत्रक मोडतं त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मुलं सगळेच्या सगळे ३७ तास भरून टाकतात. स्पर्धेच्या आठवड्यात सराव १४ तासांवर गेला तर अभ्यास १८ वर येतो. असे आठवडे सत्रात तीनपेक्षा जास्त होऊ देऊ नका.

हे आकडे तुमच्या घराप्रमाणे बदलतील, आणि ते खरे लिहिणं फार महत्त्वाचं आहे. आईला विड्या वळायला हातभार लावणाऱ्या मुलीचं घरकाम तीन तासांत संपत नाही. घरच्या कारखान्यात संध्याकाळी टॉवेल मोजायला, गठ्ठे बांधायला बसणाऱ्या मुलाचंही तेच. अशा वेळी उपक्रमाचे ८ तास ५ वर आणा, पण कागदावर खोटं लिहू नका. मोहोळ, अक्कलकोटकडून रोज एसटीनं येणाऱ्यांचे प्रवासाचेच १५ तास होऊ शकतात. त्यांनी सरावाची वेळ ठरवण्याआधी परतीच्या शेवटच्या सोयीच्या गाडीची वेळ लिहावी आणि प्रशिक्षकांना ती पहिल्याच दिवशी सांगावी. रोज सराव अर्धवट सोडून पळणारा खेळाडू संघात टिकत नाही. मात्र आठवड्यातून तीनच दिवस येईन पण पूर्ण वेळ थांबेन, असं ठरवून येणारा टिकतो.

पाण्याचा दिवसही कागदावर हवा. शहराच्या बहुतेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचा तास-दीड तास बादल्या, पिंप, टाकी यांत जातो. तुमच्या भागातली वेळ पहाटेची असेल तर तो दिवस सरावाच्या सुट्टीचा ठरवा. स्नायूंनाही विश्रांती लागतेच. ती त्याच दिवशी द्या.

एक मुख्य, एक जोड

मुख्य उपक्रम एकच. त्याला आठवड्याचे आठ तास, स्पर्धा, प्रशिक्षक, सगळं. त्याच्या जोडीला एक हलका, आठवड्यात तासाभराचा, ज्यात गैरहजर राहिलात तर कुणाचं अडत नाही: वाचनालय, वक्तृत्व मंडळ, चित्रकला. खो-खो, एनसीसी, एकांकिका आणि वक्तृत्व असं चौघांना धरून ठेवणारा मुलगा अकरावीच्या दिवाळीपर्यंत चारही ठिकाणी उशिरा पोचणारा होतो.

निवडताना चार प्रश्न विचारा. सरावाची जागा घरापासून किंवा कॉलेजपासून वीस मिनिटांच्या आत आहे का? शिकवणारं कुणी नियमित येतं का? मोठ्या स्पर्धा डिसेंबरच्या आत संपतात का? आणि पंधरा दिवस खंड पडला तर परत घेतात का? चारपैकी तीन उत्तरं ‘हो’ आली तर बारावीतही ते चालू ठेवता येतं.

एनसीसी घ्यायची असेल तर अकरावीतच घ्या. ‘बी’ प्रमाणपत्राला दोन वर्षांचं प्रशिक्षण, परेडला ७५ टक्के हजेरी आणि एक शिबिर लागतं. बारावीत नाव घातलं तर कनिष्ठ महाविद्यालयात ते पूर्ण होत नाही. शिबिर अकरावीतच उरकून टाका. ‘बी’ची परीक्षा बोर्डाच्या तारखांच्या जवळ येऊ शकते, म्हणून ती कधी आहे हे ऑक्टोबरमध्येच आपल्या एनसीसी अधिकाऱ्यांना विचारून लाल पेनानं लिहा. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. त्यातले १५० अकरावीत झाले तर बारावी हलकी जाते.

दिवस कसा बसवायचा

सोलापुरात दुपारचा सराव धरूच नका, आणि मार्चपासून तर संध्याकाळी सहाच्या आत मैदानावर उतरू नका. उन्हानं शिणलेलं डोकं रात्री गणिताला बसत नाही. पहाटे पावणेसहा ते सव्वासात ही वेळ उत्तम. पण पहाटेचा सराव म्हणजे रात्री साडेनऊला अंथरूण. रात्री बारापर्यंत अभ्यास आणि पहाटे मैदान, हे जोडकाम तीन आठवडे चालतं. चौथ्या आठवड्यात मुलगा वर्गात पेंगतो, घोटा मुरगळतो किंवा ताप येतो, आणि ‘खेळामुळे अभ्यास गेला’ असा शिक्का बसतो. अभ्यास जातो झोपेमुळे.

दमल्यावर कोणता अभ्यास करायचा, हेही ठरलेलं असावं. संध्याकाळी सराव करून आलात तर आंघोळ, खाणं, मग पहिली ५० मिनिटं हाताचं काम: जर्नलमधल्या आकृत्या, निरीक्षणांचे तक्ते, वाणिज्यच्या मुलांनी खतावणीच्या नोंदी. हात चालू राहतो आणि डोकं हळूहळू जागं होतं. दहा मिनिटं उठायचं. दुसरी ५० मिनिटं उदाहरणं सोडवायची. नुसतं वाचन या वेळेला ठेवू नका, दुसऱ्या पानावर झोप लागते. नवा, अवघड धडा रविवारी सकाळी, ताज्या डोक्यानं.

मैदानावर जाण्याआधी एक केळं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ, आल्यावर अर्ध्या तासात भाकरी-आमटी किंवा उसळ. उपाशीपोटी सराव करून थेट कॉलेजच्या कँटीनमध्ये वडापाव खाणाऱ्यांचं दुसऱ्या तासाला डोकं दुखतं.

बुडालेले तास भरायची वही

खेळाडू विद्यार्थी मागे पडतो तो सरावामुळे कमी आणि बुडालेल्या तासांमुळे जास्त. त्यासाठी एक पातळ, शंभर पानी वही वेगळी करा. पानाचे चार रकाने: तारीख, विषय, काय झालं, भरलं कधी. स्पर्धेला जाण्याच्या आदल्या दिवशीच पहिले दोन रकाने लिहून ठेवायचे. समजा गुरुवारी बाहेर असाल, तर गुरुवारचे पाचही तास ओळीनं लिहा: भौतिक, गणित, इंग्रजी, रसायन, रसायन प्रात्यक्षिक. परत आल्यावर मित्राच्या वहीवरून तिसरा रकाना भरायचा, नेमका: ‘गणित, निश्चित संकलन, उदाहरणसंच सुरू, पहिली सहा उदाहरणं’. नुसतं ‘गणित, चॅप्टर चालू’ असं लिहिलं की आठवड्यानं त्याचा अर्थ लागत नाही. चौथ्या रकान्यात तारीख पडेपर्यंत ती ओळ जिवंत.

नोट्स देणारे मित्र दोन ठरवा, विषय वाटून. एकाच मित्रावर पाच विषयांचा भार टाकला की तो दोन वेळा देतो, तिसऱ्या वेळी टाळतो. व्हॉट्सअॅपवर पानांचे फोटो मागवणं ठीक, पण ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत हातानं वहीत उतरवा. मोबाईलमध्ये राहिलेले फोटो परीक्षेच्या आदल्या रात्री सापडतात.

भरण्याचा क्रम असा: पहिलं गणित, कारण उद्याचा तास आजच्या तासावर उभा असतो. मग भौतिक आणि रसायनातली उदाहरणं. जीवशास्त्र आणि भाषा रविवारपर्यंत थांबू शकतात.

प्रात्यक्षिक मात्र थांबत नाही. भौतिक, रसायन, जीव या प्रत्येक विषयात लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं असतं. प्रयोग मित्राच्या जर्नलवरून उतरवला तर आकडे मिळतात, पण तोंडी परीक्षेत ‘लघुतम माप किती आलं?’ असं विचारल्यावर गाडी अडते. प्रयोगशाळेत तोच प्रयोग दुसऱ्या तुकडीला त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी असतो. शिक्षकांना स्पर्धेला जाण्याआधी भेटा आणि विचारा, ‘सर, माझा गुरुवारचा प्रयोग बुडतोय, शनिवारच्या तुकडीबरोबर करू का?’ आधी विचारणाऱ्याला बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. जानेवारीत चार कोरी पानं घेऊन उभं राहणाऱ्याला ते काही करू शकत नाहीत, कारण जर्नल प्रमाणित झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेची वाट अडते. प्रयोग झाला की त्याच आठवड्यात सही. सह्यांचा ढीग साठवू नका.

हजेरीचंही तसंच. शिक्षण मंडळाची अट ७५ टक्क्यांची आहे. स्पर्धेसाठी बाहेर जाताना क्रीडाशिक्षकांचं पत्र आधी द्या, त्याची पोच असलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

स्पर्धेला जाताना

पिशवीत पाठ्यपुस्तकं भरू नका. ती उघडली जात नाहीत आणि खांदा दुखतो. एका विषयाची दहा पानं आणि सूत्रांची छोटी वही, एवढंच. गाडी चालू असताना वाचलं तर मळमळतं. त्याऐवजी डोळे मिटून सूत्रं, रासायनिक अभिक्रिया, व्याख्या मनात म्हणा, आणि अडलं तिथेच वही उघडा. दोघे सहखेळाडू एकाच शाखेचे असतील तर एकमेकांना विचारत गेलं की प्रवासाचे दोन तास सत्कारणी लागतात.

डब्याला कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तीन दिवस बाहेर राहायचं असलं तरी ती टिकते, पोटाला बाधत नाही, आणि पुण्याला गेल्यावर बाहेरच्या तेलकट खाण्यावर सामना खेळायची वेळ येत नाही. फक्त पाणी भरपूर प्या, कारण ती कोरडी असते.

परत आल्यावरचा पहिला दिवस झोप आणि कपडे धुणं. त्या रात्री अभ्यासाचा हट्ट धरू नका. दुसऱ्या दिवसापासून वही उघडायची.

डिसेंबरनंतर

बारावीच्या डिसेंबरमध्ये सराव निम्म्यावर आणा, आठ तासांचे चार. जानेवारीत रोजची वीस-पंचवीस मिनिटं: धावणं, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या. पूर्ण बंद करू नका. रोज घाम गाळायची सवय असलेल्या शरीराला एकदम बसवलं की झोप बिघडते, चिडचिड वाढते. पेपरांच्या काळातही ही वीस मिनिटं ठेवा.

गड्ड्याला दोन संध्याकाळी द्या, ठरवून. अक्षता सोहळा आणि शोभेचं दारूकाम बघायचं असेल तर त्या दिवसांचा अभ्यास सकाळी उरकून निवांत जा. सोलापूरच्या मुलाला यात्रेच्या दिवसांत घरात कोंडलं, तर पुस्तक समोर असतं आणि मन होम मैदानावर.

सीईटी देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, आणि जेईई-नीटला तर दोन्ही वर्षं लागतात. अकरावी खेळासाठी मोकळी आहे असं समजून गणित सोडलेल्यांना एप्रिलमध्ये बोर्डाचा थकवा असताना अकरावी पुन्हा उघडावी लागते. अकरावीच्या मे महिन्यात, सुट्टीत, रोज दीड तास देऊन त्या वर्षाचं गणित आणि भौतिक एकदा पूर्ण फिरवून घ्या.

क्रीडागुण आणि कागदपत्रं

मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीसाठी बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात. स्पर्धेचा स्तर जितका वरचा तितके गुण जास्त. ते आपोआप मिळत नाहीत. कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे प्रस्ताव जातो, तिथे प्रमाणपत्र तपासलं जातं, आणि शिफारस शिक्षण मंडळाकडे जाते. अडतं ते छोट्या गोष्टींवर: प्रमाणपत्रावरचं नाव आणि परीक्षा अर्जावरचं नाव वेगळं, जन्मतारीख चुकलेली, किंवा स्पर्धा खासगी मंडळाची, जिला मान्यताच नाही. प्रमाणपत्र हातात पडताच तिथेच उभं राहून नाव, तारीख, गट वाचा. आयोजक समोर असतानाच दुरुस्ती होते. मूळ प्रत प्लास्टिकच्या फाइलमध्ये, दोन झेरॉक्स वेगळ्या. डिसेंबरमध्ये क्रीडाशिक्षकांना भेटून प्रस्तावाची मुदत विचारा.

पालक आणि मुलांनी हेही समजून घ्यावं, की हे गुण बोर्डाच्या निकालात धरले जातात. अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीच्या गुणांवर ठरतो आणि तिथे क्रीडागुण मिळत नाहीत. फक्त गुणांसाठी खेळत असाल तर हा हिशोब आधी करा.

कमी कधी करायचं, आणि कोणत्या क्रमानं

घरात भांडण होतं ते निकालाच्या दिवशी. ते टाळायला जूनमध्येच आई-वडिलांबरोबर बसून तीन खुणा ठरवा आणि कॅलेंडरच्या मागे लिहा. सलग तीन रात्री साडेसहा तासांपेक्षा कमी झोप. बुडालेल्या तासांच्या वहीत दहापेक्षा जास्त ओळी जिवंत. किंवा घटक चाचणीत कुठल्याही विषयात आधीपेक्षा १५ टक्क्यांनी घसरण. तिन्हींपैकी एक दिसली तर दोन आठवडे उपक्रम कमी करायचा, आणि दिसली नाही तर वडिलांनी ‘बास झाला खेळ’ म्हणायचं नाही. हा करार दोन्ही बाजूंचा आहे.

कमी करताना पहिला मोबाईलचा वेळ जातो. मग जोड उपक्रम. मग मुख्य सरावाचे दिवस सहावरून तीनवर, पण दिवसाचा वेळ तोच. झोपेला हात लावायचा नाही. दोन आठवड्यांनी रविवारी वही उघडून जिवंत ओळी मोजा. दहाच्या खाली आल्या असतील तर सोमवारी पहाटे बूट घालायचे.